वहिनीचे अठ्ठावीस दिवस

वहिनी हॉस्पिटलच्या कपडे विभागात आहे, गेली चौदा वर्षं. वॉर्डांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे अंगरखे मोजून धुवायला पाठवायचे आणि परत आले की मोजून घ्यायचे. तिथल्या वहीत गेलेला आकडा आणि आलेला आकडा सारखाच दिसावा लागतो. एखादी चादर कमी आली तर वहिनी ती आलीच असं लिहिते आणि दोन दिवसांत कुठल्यातरी वॉर्डातून शोधून आणते. चादरी चुकतात, तिची वही कधी चुकत नाही.

मी तिची नणंद. एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि दादा-वहिनीकडेच राहते. कुणाचं फार कौतुक करायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वहिनीला ॲम्ब्युलन्सवर मदतनीस म्हणून जायचं होतं. ती जागा हॉस्पिटलातल्याच माणसांना मिळते, पण परीक्षा दोन वर्षांतून एकदा होते आणि चाळिशी उलटलेल्यांचा फॉर्म घेत नाहीत. वहिनीला एकोणचाळीस पूर्ण झाली होती, म्हणजे तिची ही शेवटची संधी. परीक्षा अशी, की वाळू भरलेला ऐंशी किलोंचा पुतळा स्ट्रेचरवर ठेवायचा आणि दोघींनी मिळून तीन मजले खाली आणायचा. वाटेत टेकवला की घरी जायचं.

व्यायामाचं ॲप तिला फिजिओथेरपीवाल्या मुलीने घालून दिलं. पाळीच्या तारखा भरायच्या, मग ते सांगणार कधी वजन उचलायचं, कधी नुसतं चालायचं आणि कधी पाय पसरून स्वस्थ बसायचं. वहिनीला ते लगेच पटलं. रकाने आणि तारखा म्हटलं की तिला माहेरी गेल्यासारखं वाटतं. जोराचा आठवडा लागला की फोन सकाळी स्वयंपाकघरात किणकिणायचा, ‘आज तुमची ताकद उत्तम आहे.’ दादा लगेच म्हणायचा, तर मग तेवढा सिलिंडर बदलून घे. विश्रांतीच्या आठवड्यात मात्र भांडी त्याच्या वाट्याला यायची, तेव्हा त्याला ॲप मुळीच आवडायचं नाही.

जोराच्या आठवड्यात वहिनी ड्युटी संपली की ओल्या चादरींचं चाळीस किलोंचं गाठोडं पाठीवर घेऊन मागच्या जिन्याने तीन मजले चढउतार करायची. मी दोनदा पाहायला गेले. दुसऱ्यांदा तिच्या ओठांवर रंग नव्हता. जिन्यात थांबून तिने वेदनेची गोळी तोंडात टाकली आणि पुन्हा वर निघाली. हा निव्वळ हट्ट आहे असं मी धरून चालले.

आता घरात पॅडची पाकिटं मी मागवते. एकदा पाकीट फार लवकर संपलं, पुढच्या वेळी महिना उलटून गेला तरी तसंच पडून राहिलं. ॲपचा महिना मात्र दर वेळी अठ्ठावीस दिवसांचा. मी स्वभावाने खोचक आहे, पण पाळीबद्दल कुणाला जाब विचारायचा नसतो एवढं मला कळतं. म्हणून गप्प बसले. परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा मात्र राहवेना आणि मी विचारलं, तू तारखा खऱ्या भरतेस का?

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी तशीच हातात राहिली.

“पहिल्यांदा तेविसाव्या दिवशी आली,” ती म्हणाली. “म्हटलं, येईल पुढच्या वेळी जागेवर. म्हणून अठ्ठावीसच लिहिले. मग पस्तिसाव्या दिवशी आली. तोवर परीक्षेची तारीख लागली होती, आणि ॲपमध्ये ती बरोबर जोराच्या आठवड्यात पडत होती. खरं भरलं असतं तर सगळं हललं असतं.”

डॉक्टरांकडे ती जाऊन आली होती. या वयात होतं असं म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. घरात कुणाला पत्ता नव्हता.

“ते तेवीस आणि पस्तीस लिहायला हातच होईना गं,” ती म्हणाली. “लिहिलं की मी म्हातारी झाले.”

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. समोरच्या ढिगातला टॉवेल उचलून मी घडी घालायला लागले.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून सोबत गेले. अकरा बायका होत्या. निम्म्याजणी आमच्या मुली शोभल्या असत्या. कपडे बदलायच्या खोलीतून वहिनीने मला हाक मारली आणि हलक्या आवाजात पॅड मागितलं. तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन किणकिणला, ‘आज तुमची ताकद उत्तम आहे.’

बाहेर फॉर्म भरायचा होता. त्यात शेवटच्या पाळीची तारीख विचारली होती. वहिनी पेन धरून बसली. मग तिने आजची तारीख लिहिली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती वाचली आणि सरळ सांगितलं, दिवस बदलून मिळत नाही, झेपणार नसेल तर नाव आत्ताच काढून घ्या. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, चल, घरी जाऊ.

मी फोन काढला. औषधाच्या दुकानातून पाकिटं मागवल्याचे मेसेज त्यात तारखांसकट होते. तिच्या ॲपमधले जोराचे आठवडे आणि माझे मेसेज मी तिच्यापुढे शेजारी शेजारी धरले.

“वहिनी, हे बघ. तुझा जोराचा आठवडा तीन वेळा पाळीत आलाय. तिन्ही वेळा तू चादरी वर चढवल्यास. ताकद उत्तम म्हणे! तुझं सगळं अंग दुखत होतं तेव्हा.”

तिने दोन्ही फोनांवरच्या तारखा बोटाने जुळवून पाहिल्या. मग उठून डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “नाव यादीत राहू द्या.”

जोडीला तिला विशीतली एक उंच मुलगी मिळाली. मी खाली दारात उभी होते, तिथून जिन्याची वळणं दिसत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मुलीचा हात घसरला आणि स्ट्रेचर कलंडलं. वहिनी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, सगळा भार स्वतःकडे घेतला आणि मुलीला म्हणाली, सावकाश, पुन्हा धर, मी आहे. खाली पोचेपर्यंत तिचे ओठ तसेच पांढरे पडले होते. दोघींनी पुतळा खाली आणून माझ्या पायांशी ठेवला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही नावांपुढे खूण केली.

वहिनी भिंतीशी जमिनीवरच बसली. पाणी प्यायली, दादाला कळवलं आणि मग माझे मेसेज मागून घेतले. एक एक जुनी तारीख खोडून तिने ॲपमध्ये खरी भरली. अंतरं आली तेवीस, पस्तीस, अडतीस, चोवीस, बत्तीस. शेवटी आजची. ॲपने विचारलं, ‘तुमच्या नोंदी अनियमित आहेत. या बरोबर असल्याची खात्री आहे का?’

वहिनीने ‘हो’ दाबलं. फोन माझ्या हातात दिला आणि उठायला हात मागितला.