घड्याळकाकांच्या दोन घंटा

चौतीस वर्षं बस चालवून घड्याळकाका निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या उजव्या पायापर्यंत काही पोचली नाही. जेवणाच्या टेबलाखाली तो पाय आपली नोकरी करतच राहिला. वाढायला उशीर झाला की एक्सिलरेटर, भाजी तिखट लागली की ब्रेक. काकू समोर बसून बघायच्या आणि वाढत राहायच्या.

घड्याळकाका हे नाव डेपोनं दिलेलं. त्यांची बस फाटकातून बाहेर पडली की वॉचमन आपलं मनगटी घड्याळ लावून घ्यायचा. ‘गाडी लेट आहे’ हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. आणि त्यांचा एक नियम तर याहूनही कडक होता: सुटलेली गाडी मागे वळत नाही. चहाच्या थांब्यावर कुणी मागे राहिला, तर तो मागच्या गाडीनं येईल. एकासाठी पन्नास जणांचा खोळंबा करायचा नाही.

यात आपपरभाव अजिबात नव्हता. लग्नानंतर दोनच महिन्यांनी खुद्द त्यांची बायको त्यांच्या गाडीत बसली होती. एका थांब्यावर ती पाणी प्यायला उतरली, कंडक्टरनं दोरी ओढून दोन घंटा मारल्या, आणि दोन घंटा म्हणजे निघा, म्हणून काका निघाले. पुढच्या वळणावर कंडक्टरच्या लक्षात आलं आणि तो बिचारा पांढराफटक पडला. काका म्हणाले, मागून गाडी आहे, येईल. आली ती, दोन तासांनी. हा किस्सा काकांनी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितला. लोक पोट धरून हसायचे. काकूही हसायच्या.

तर असा हा माणूस एके दिवशी सकाळी उठला आणि त्याला कुठेच जायचं नव्हतं. पहिले सहा महिने त्यांनी खिडकीत काढले. खालून जाणारी प्रत्येक बस किती मिनिटं उशिरा आली ते मोठ्यानं सांगायचे, आणि मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेल्या काकूंनी ‘हो का’ म्हणायचं. मग ते डेपोत जाऊन बसायला लागले. नव्या साहेबानं त्यांना मानानं खुर्ची दिली, चहा दिला, पण खुर्ची ठेवली ती फाटकापासून लांब, कँटीनच्या भिंतीला टेकून. काय समजायचं ते काका समजले. दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत.

स्वतःची गाडी घेऊन फिरायची कल्पना काकूंची. तीस वर्षं त्यांनी एकाच खिडकीखाली बसून दुसऱ्यांचे कपडे शिवले होते. ते कपडे घालून बायका कुठेकुठे जाऊन आल्या, काकू मात्र त्या खिडकीखालीच. त्यांनी एवढंच मागितलं, की आता एकदा सावकाश फिरू. आवडेल तिथे थांबू, कंटाळा आला की निघू. काकांनी त्यातला ‘फिरू’ हा शब्द तेवढा ऐकला.

एका शाळेनं काढून टाकलेली मिनीबस मिळाली. डेपोतला फिटर आणि ओळखीचा सुतार असे दोघं तीन महिने तिच्या मागे लागले. आत पलंग आला, दोन शेगड्यांचा ओटा आला, इवलंसं सिंक आलं, पलंगाखाली कप्पे आले. ड्रायव्हरच्या सीटमागे काकूंनी जाड पडदा शिवून लावला, कारण पुढच्या काचेतून येणारं ऊन थेट पलंगावर पडायचं. काकांनी स्वतःच्या हातानं फक्त एक वस्तू बसवली: जुन्या बसमधली पितळी घंटा. तिची दोरी छताखालून पार मागच्या दारापर्यंत नेली. काकूंनी दोरी दोनदा ओढल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं ठरलं. काकूंना आधी ती गंमत वाटली. नंतर कळलं, की काकांना त्याशिवाय खरोखरच निघता येत नाही.

आणि निघाले म्हणजे निघालेच. काकांनी वहीत वेळापत्रक आखलं होतं. सकाळी साडेसहाला सुटायचं, प्रत्येक ठिकाणाला नेमून दिलेली मिनिटं. संग्रहालयात काकूंनी पहिल्या दालनाची डावी बाजू पाहिली. उजवी बाजू कशी असेल याचा अंदाज त्यांनी गाडीत बसून केला. समुद्राला अकरा मिनिटं मिळाली, त्यातली चार चपला हातात घेण्यात गेली. ओट्यावर अंडं फोडायला आणि रस्त्यात खड्डा यायला नेहमी एकच गाठ पडायची. अकरा दिवसांत एकवीस गावं झाली. काकूंना विचाराल तर त्यांनी एकवीस पेट्रोलपंप पाहिले.

बाराव्या दिवशी सकाळी ते एका तळ्याकाठी थांबले. काठाला मोठी झाडं, पाण्याचा नळ, एक बाक आणि एका बाईची चहाची टपरी, बस एवढंच. काकू पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इथे तीन दिवस राहू. काका म्हणाले, वहीत चाळीस मिनिटं आहेत, फार तर पंचेचाळीस करू. काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी मोबाईल काढला, आपल्या थोरल्या बहिणीला लावला आणि काकांच्या देखत सांगितलं, की उद्या अकरा वाजता पोचते आहे, माझं अंथरूण घालून ठेव.

मग काकांकडे वळून म्हणाल्या, “उद्या ताईच्या गावात मी उतरते. तुम्ही तुमची फेरी पूर्ण करा.”

“आणि मग?”

“मग घरी आल्यावर बघू. या गाडीत मी नाही आता.”

बायको ओरडली असती तर काकांनी ते अंगावर घेतलं असतं, चौतीस वर्षांच्या प्रवाशांनी त्यांना तेवढं शिकवलं होतं. पण ती साध्या आवाजात बोलली, म्हणजे ठरवून बोलली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, आणि त्यांनी काय केलं, तर घड्याळात बघितलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा. नेमलेल्या वेळेआधी सहा मिनिटं ते सीटवर जाऊन बसले आणि इंजिन सुरू केलं.

आता घडलं ते असं. काकूंनी सकाळी धुतलेला टॉवेल त्याच घंटेच्या दोरीवर वाळत टाकला होता. कॅन उचलून त्या पडद्याआडून म्हणाल्या, की पाणी भरून येते. काकांचं लक्ष शब्दांकडे नव्हतंच, त्यांचे कान घंटेला लागलेले. रस्त्यावरून एक मालट्रक धडाडत गेला, उघड्या खिडकीतून वारा आत घुसला, ओला टॉवेल हिंदकळला आणि घंटा वाजली. टण टण. काकांनी गिअर टाकला.

दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत, मागूनही आवाज नव्हता. रागावली आहे, त्यांनी मनात म्हटलं. मग त्यांनी पडद्याला ऐकू जाईल अशा बेतानं सुरुवात केली. ताईकडे राहायला माझी ना नाही, पण लोक काय म्हणतील. उत्तर नाही. तळी पुढेही आहेत, याहून मोठं एक परवा येतंय. उत्तर नाही. मग हळूहळू त्यांचा आवाज उतरला. समोर रस्ता आणि पाठीमागे पडदा असला, की माणसाला बोलणं सोपं जातं. जे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, ते ते सांगायला लागले.

“मला थांबायची भीती वाटते,” ते म्हणाले. “खिडकीत बसायचो ना, तेव्हा मी गाड्या लेट व्हायची वाट बघायचो. वाटायचं, मी नाही तर काहीतरी अडेल. काही अडलं नाही गं. सगळं बरोबर चाललंय. म्हणून मी पळतो. थांबलो की कळतं, की माझं कुणाला काम नाही.”

एवढं बोलल्यावर बायकोनं निदान हुंकार तरी द्यायला हवा होता. काकांना वाटलं, ती रडत असेल. त्यांनी गाडी कडेला घेतली, जी गोष्ट वहीत नव्हती, आणि पडदा सरकवला.

पलंगावर घडी घातलेली चादर होती. ओट्यावर अर्धा सोललेला बटाटा होता. पलंगाशेजारी काकूंचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. दोरीवर टॉवेल अजून डुलत होता, आणि काका बघत असतानाच घंटा पुन्हा एकदा हलकेच वाजली.

आधी वाटलं, ती वाटेत कुठे पडली. मग पाण्याचा कॅन जागेवर नाही हे दिसलं आणि पडद्याआडचे ते शब्द उशिरानं कानात शिरले. पन्नास मिनिटं झाली होती. ही माझी दुसरी वेळ, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना पहिल्यांदाच त्या किश्शाचं हसू आलं नाही.

रस्ता अरुंद होता, दोन्हीकडे चर. सुटलेली गाडी मागे वळवायची सवय त्या हातांना नव्हती. तीनदा पुढे-मागे करावं लागलं, एकदा मागचं चाक चरात जाता जाता राहिलं, समोरचा ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला. काकांनी त्याला हात जोडले. परतीच्या वाटेवर त्यांनी घड्याळ बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. दर मिनिटाला बघितलं. चाळीस किलोमीटरचा तो रस्ता त्यांना चौतीस वर्षांपेक्षा लांब वाटला. ती मागच्या गाडीनं ताईकडे निघून गेली असेल तर? तिला तरी दुसरं काय माहीत होतं? काकांनीच तर शिकवलं होतं, की वाट बघायची नाही, मागून गाडी असते.

काकू बाकावर बसल्या होत्या. पायाशी भरलेला कॅन होता. टपरीवालीनं दिलेला चहाचा पेला शेजारी रिकामा पडला होता. गाडी थांबली तरी त्या उठल्या नाहीत. काका खाली उतरले, जवळ आले आणि उभे राहिले. माफी मागायचे शब्द वाटेत तीनदा जुळवले होते, तोंडातून निघालं ते भलतंच.

“भरलंस पाणी?”

“भरलं,” काकू म्हणाल्या. “दोन बसगाड्या गेल्या इथून. चहावाली म्हणत होती, बसा एखादीत.”

“मग?”

“बघत होते, तुम्ही येता का.” मग त्या म्हणाल्या, “लग्नानंतरच्या त्या वेळी मी अशी बसून नव्हते. दोन तास रस्त्याच्या मधोमध जाऊन जाऊन बघत होते. वाटायचं, बाजूला बसले आणि तुम्ही परत आलात, तर मी दिसायची नाही. मागची गाडी आली तेव्हा पाय उचलेना. त्या कंडक्टरनं हाताला धरून चढवलं.”

काका म्हणाले, “तू तर हसायचीस.”

“तुमचा आवडता किस्सा तो. काय करणार?”

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. लाज म्हणजे काय ते त्यांना तेव्हा समजलं. इतकी वर्षं पाहुण्यांना हसवलं, आणि ते हसू कुणाच्या जिवावर होतं ते आज कळत होतं. समोर तळं होतं, पण त्यांना ते धड दिसत नव्हतं. त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता आणि सुटत होता. काकूंनी त्या पायाकडे बघितलं, मग उलट्या दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं.

“वळते म्हणजे गाडी,” त्या म्हणाल्या.

“वळते,” काका म्हणाले. “चुकलं माझं. तेव्हाही आणि आजही. वाटेत मी तुझ्याशी खूप बोललो. सगळं पडद्यानं ऐकलं.”

“काय बोललात?”

“पुन्हा सांगेन. पण त्याला वेळ लागेल.”

हे शब्द आपल्या नवऱ्याच्या तोंडून काकू पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या उठल्या, गाडीत गेल्या, टॉवेल काढून झाडाच्या फांदीवर टाकला आणि मोबाईल घेऊन बाहेर आल्या. थोरल्या बहिणीचा नंबर लावून त्यांनी तो काकांच्या हातात दिला.

“तुम्हीच सांगा तिला.”

पलीकडून ताईंचा आवाज आल्यावर काका एकदम डेपोतल्यासारखे ताठ बसले.

“गाडी लेट आहे,” ते म्हणाले.

पलीकडून ताईंनी विचारलं, “कोण बोलतंय?”

काकांनी सांगितलं, मीच. ताईंचा विश्वास बसायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, की किती लेट. काकांचं मनगट सवयीनं वर आलं. शेजारी काकू बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, अर्धा सोललेला बटाटा त्यांनी बाहेर आणला होता आणि उरलेला अर्धा सोलत होत्या.

काकांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, “सांगता येत नाही.”