वाळूवरचा माझा वाटा

मुरुडहून मी आगबोटीनं कॉलेजला निघालो, त्या दिवशी आमची होडी दर्यावर गेलीच नाही. सात माणसांची होडी, बाबा तिचे तांडेल, म्हणजे म्होरके, आणि सातही जण मला पोचवायला वाळूत उभे. आईनं सुके बोंबील बांधून दिले होते. त्यांच्या वासापायी पुढं महिनाभर खोलीतल्या पोरांनी माझी थट्टा केली, ते वेगळं. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात पाय टाकला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "जा. तुजा वाटा पडंल."

गावी राहिलात त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे इकडं आलात आणि विसरलात, त्यांच्यासाठी सांगतो. होडी किनाऱ्याला लागली की होडीचा आणि जाळ्यांचा हिस्सा बाजूला काढतात आणि उरलेल्या मासळीचे माणशी ढीग घालतात. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कोनाचा?" पाठमोरा नाव घेतो. मोठा ढीग कुणाला गेला, लहान कुणाला, याची कुरकुर नाही. तापानं घरी पडलेल्याचंही नाव घेतात. मी तर ठणठणीत होतो आणि मुंबईत वर्गात बसलो होतो. तरी चार वर्षं माझं नाव घेतलं गेलं आणि सातांच्या शेजारी माझा आठवा ढीग पडला. आई तो बाजारात नेऊन विकायची. सात घरांनी आपापल्या ताटातलं थोडं थोडं कमी केलं, तेव्हा माझी बी.ए. झाली.

झाली, आणि नेमकी मंदी आली. सरकारी कचेऱ्यांत भरती बंद. जे आत होते त्यांचेच पगार कापलेले, मग बाहेरच्याला कोण विचारतो? वर्षभर मी जिने चढलो आणि उतरलो. मला चीड त्याची नाही. मंदी काय, सगळ्यांनाच होती. चीड आहे ती तेव्हाच्या उपदेशांची. वर्तमानपत्रात दर आठवड्याला कुणीतरी मोठा माणूस लिहायचा की कॉलेजं फार झाली, पोरं फार शिकली, आता पदवीधरांनी कारकुनीचा नाद सोडून बापाच्या धंद्यात परत जावं. अरे वा! आम्हाला बोलावलं कुणी होतं? पदवी घ्या, खुर्ची मिळेल, हे आमच्या होडीवर येऊन मी सांगितलं होतं का? बापाचा धंदा होताच की माझ्याकडं, तोच सोडून आलो होतो. ज्या वयात हात जाळ्याला तयार होतात त्या वयात मी पाठांतर करत होतो. आता माझे हात ना होडीचे राहिले ना कचेरीचे. लिहिणाऱ्याचं काय जातं, त्याची पेन्शन चालू असते आणि त्याचा मुलगा आधीच चिकटलेला असतो.

शेवटी गोदीजवळच्या एका कंपनीत कारकुनाची जागा निघाली. मॅट्रिकच हवा, पदवीधरांनी अर्ज करू नये, असं पाटीवरच लिहिलेलं. पदवीधर टिकत नाहीत आणि वर तोंड करून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मी अर्जात मॅट्रिक लिहिलं आणि पुढची चार वर्षं गाळून टाकली. सात घरांची चार वर्षं! जागा मिळाली. घरी कळवलं की नोकरी लागली, पत्र कचेरीच्या पत्त्यावर टाका, कारण माझ्या राहण्याचा ठिकाणा दर महिन्याला बदलत होता. पदवी लपवली हे मात्र कळवलं नाही. कोणत्या तोंडानं कळवणार?

आठ महिने नीट गेले. मग एक दिवस हेडक्लार्कनं बोलावलं. त्याच्या टेबलावर घरून मला आलेलं पत्र होतं, न फोडलेलं. पाकिटावर माझं नाव आणि पुढं लाल शाईत, नावाच्या दुप्पट अक्षरात, बी.ए. त्यानं एवढंच विचारलं की हे खरं का. मी हो म्हटलं. संध्याकाळी मी रस्त्यावर होतो.

पत्र तिथंच उभ्यानं वाचलं. होडीवरच्या सातांपैकी धर्माकाकांचा किसन मॅट्रिक पास झाला होता. त्याला कॉलेजात धाडावं का, त्याच्यासाठीही वाटा टाकायला सगळे कबूल आहेत, पण तू सांगशील तसं, असं सातांनी मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं.

मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी होडी लागली, ढीग पडले. बाबा पाठ करून उभे होते आणि मला वाटलं, आता नको, आता माझं नाव नको. त्यांनी घेतलं. सवयीनं नव्हे, मी मागं उभा आहे हे माहीत असून घेतलं. धर्माकाका माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर नुसतं नाव लिवत व्हता. म्या सांगितलं, बीए मोटं लिव, लाल लिव. बगितलं ना तुज्या सायबानं?"

"व्हय काका," मी म्हटलं, "बगितलं."

मग त्यांनी किसनचं विचारलं. सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडं बघू लागले. माझ्या डोक्यात सगळा संताप साठला होता, जिने, पाट्या, उपदेश, ते लाल अक्षर. मी म्हटलं, "धाडू नका. काय उपयोग न्हाय."

कुणी वाद घातला नाही. बाबा एवढंच बोलले, "शिकलेला हाय. तो म्हनतो तर खरं असंल." दुसऱ्या दिवसापासून किसन होडीवर गेला.

आज मी मुंबईत धक्क्यावर उतरलेल्या मासळीच्या टोपल्यांचा हिशेब लिहून घेतो. बी.ए. आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला त्याचं काही नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता तो पाठमोरा बाप आहे, जो न बघता माझं नाव घेतो. म्हणून गावी जातो तो भरती-ओहोटी मंदावते त्या दिवसांत, होड्या किनाऱ्यावर असताना. तेव्हा ढीग पडत नाहीत आणि मला मान खाली घालावी लागत नाही.

किसन मासळी घेऊन येतो तेव्हा माझ्या टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचतो. इंग्रजी शब्द अडला की विचारतो. परवा तोच उपदेश पुन्हा छापून आला होता, पदवीधरांनी बापाच्या धंद्यात परत जावं. मी अर्थ सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "म्हंजी दादा, तू तवा बरोबर सांगितलंस."

सात घरांनी चार वर्षं वाटा टाकून एक बी.ए. केला. त्या बी.ए.ला त्यांनी एकदाच सल्ला विचारला, आणि मी तो दिला.