काटा चाळीसवर होता

गंगापूर रोड संपून धरणाकडे निघालं, की डाव्या हाताला आमचा मळा लागतो. झेंडू, शेवंती आणि मधल्या पट्ट्यात कोबी. मळ्यापासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता नुसता दगडांचा. जरा पाऊस झाला की आमचा छोटा ट्रक तिथे पोटावर बसायचा आणि शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर लावून ओढून काढावा लागायचा. म्हणून जुने टायर गुळगुळीत झाले तेव्हा नवऱ्याने एक साइज मोठे टायर घातले, रिमसकट. गाडी दोन-तीन बोटं उंच झाली. दगडावरून अशी ऐटीत जायला लागली, की सासूबाईंनी तिला नव्याने हळदकुंकू लावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. माझ्याकडे लायसन्स होतं. नाशिकच्या फुलबाजारापर्यंत मी गाडी आधीही नेत होते. आता मालेगावची खेपही माझ्याकडे आली. मला ते मनापासून आवडायचं. उंच सीट, समोर मोकळा हायवे, मागे क्रेट्समधून येणारा झेंडूचा उग्र वास. मी हायवेला साठच्या वर आणि गावातून चाळीसच्या वर कधी जात नसे. बाईमाणूस ट्रक चालवते म्हटल्यावर चूक शोधायला सगळे टपलेलेच असतात, म्हणून माझं अर्धं लक्ष कायम काट्यावर.

तो दिवस मला अजूनही तुकड्यातुकड्यांनी आठवतो. चांदवडचा घाट मागे पडला होता. ऊन स्वच्छ, रस्ता कोरडा, काटा साठवर. पुढे डावीकडच्या कच्च्या वाटेवरून कांद्याच्या गोण्या भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर हायवेवर चढला. गोण्यांवर चार-पाच बायका बसल्या होत्या, डोक्यावर पदर, पाय खाली सोडलेले. अंतर भरपूर होतं. मी नेहमीसारखा ब्रेक दाबला. एवढ्या अंतरात गाडी आरामात थांबते, हे माझ्या पायाला ठाऊक होतं.

गाडी थांबेना.

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. टायर किंचाळले, मागचे क्रेट धडाधड केबिनवर आदळले. ट्रॉली काचेत मोठी मोठी होत गेली. एका बाईने पाय वर ओढून घेतले, तेव्हा तिच्या पायातली जोडवी मला दिसली, इतक्या जवळून. मग गाडी हिसका देऊन थांबली. बंपर आणि ट्रॉली यांच्यामध्ये हात घालायला जागा नव्हती. एक गोणी घसरून बॉनेटवर पडली, फुटली आणि कांदे रस्ताभर घरंगळले.

ट्रॅक्टरवाला उडी मारून आला. "दिसत नाय का? बाया हायेत वर! कशी आणलीस गाडी?"

"साठनं होते हो दादा," मी म्हणाले. "साठनंच होते."

"हे साठ? साठनं असं येत्यात का?"

पाय वर घेतलेली ती बाई गोणीवरून नुसती माझ्याकडे बघत होती. मला तिच्या शिव्या चालल्या असत्या. कांदे गोळा करायला मी खाली उतरून वाकले आणि तशीच रस्त्यावर बसले. शेवटी तिनेच खाली उतरून मला दंडाला धरून कडेला नेलं आणि बाटलीतलं पाणी पाजलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग, बॉनेटला पोचा पडलाच होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ब्रेक तपासून घेतले. मेकॅनिक म्हणाला, ब्रेक उत्तम आहेत, लायनर नवे आहेत, तेल बरोबर आहे. म्हणजे दोष गाडीत नव्हता. मग उरलं कोण?

कोणी मला तोंडावर काही बोललं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता बास झालं गं. जिवानिशी वाचलीस." नवरा छताकडे बघत पडून होता. मग म्हणाला, "माझी पाठ बरी होईपर्यंत एक ड्रायव्हर ठेवू. तुझ्यावर भरवसा नाही असं नाही, पण..." ते 'पण' त्याने तसंच सोडलं. मी चावी काढून त्याच्या उशीजवळ ठेवली. मलाच माझा भरवसा राहिला नव्हता. अंतराचा अंदाज गेला की काय, डोळे तपासून घ्यावेत की काय, असं रोज मनात यायचं. ड्रायव्हर गाडी घेऊन निघाला की मी शेवंतीच्या वाफ्यात मान खाली घालून खुडत राहायचे.

महिनाभराने ड्रायव्हरच्या घरी कुणीतरी वारलं म्हणून तो गावाला गेला. नेमका त्याच दिवशी देवळाली कॅम्पातल्या एका लग्नाच्या हॉलला झेंडू पोचवायचा होता. क्रेट भरून तयार. नवरा पाठीला पट्टा बांधून बाहेर आला आणि म्हणाला, "तू चालव. मी शेजारी बसतो. हळू चालव म्हणजे झालं."

इतकं अवघडून गाडी मी शिकतानासुद्धा चालवली नव्हती. तो काट्यावर नजर ठेवून बसलेला. कॅम्पाची लष्करी हद्द लागली तशी म्हणाला, "इथे चाळीसची मर्यादा आहे. वर जाऊ देऊ नको."

"नाही जात. बघा तुम्हीच."

काटा चाळीसच्या रेघेवर चिकटलेला होता. रस्त्याकडेला वेग दाखवणारा विजेचा बोर्ड होता. आम्ही जवळ गेलो आणि त्यावर लाल आकडे पेटले. चव्वेचाळीस.

पुढे नाक्यावर उभ्या असलेल्या जवानाने हात दाखवला. "मॅडम, बोर्ड देखा नहीं क्या? यहाँ बच्चे होते हैं."

मी सांगायला तोंड उघडलं. पण या वेळी माझ्याआधी नवराच बोलला. "साहेब, काटा चाळीस पर था. मैं खुद देख रहा था. आपका बोर्ड खराब है."

जवान रागावला नाही. मागून एक स्कूटर येत होती, तिच्यावरच्या बाईंना त्याने थांबवलं. त्यांच्या मीटरवर तीस होते असं त्या म्हणाल्या. बोर्डावरही तीसच पेटलं होतं, आम्ही पाहिलं होतं. "आप घुमा के फिर से आइए," जवान मला म्हणाला.

मी गाडी वळवली. नवऱ्याने मोबाइल काढून नकाशा लावला. त्यावरही गाडीचा वेग दिसतो. मी काटा पुन्हा चाळीसवर आणला आणि तिथेच धरला. बोर्डावर चव्वेचाळीस पेटलं. मी शेजारी पाहिलं. नवऱ्याच्या हातातल्या मोबाइलवरही चव्वेचाळीस होतं.

"थांबव," तो म्हणाला. मी गाडी कडेला घेतली. पाठीची पर्वा न करता तो खाली उतरला, पुढच्या चाकापाशी गेला आणि टायरवर हात ठेवून वाकून उभा राहिला. काचेतून मला त्याचा फक्त माथा दिसत होता.

"त्या दिवशी तू साठने नव्हतीस," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "सहासष्टच्या आसपास होतीस. आणि तुला कळायला मार्गच नव्हता."

मला वाटलं होतं, असं काही निघालं तर मी रडेन, नाहीतर भांडेन. तसं काहीच झालं नाही. जवानाने जाऊ दिलं, मी गाडी सुरू केली. लग्नाच्या हॉलवर क्रेट उतरवून घेणाऱ्याने दोनदा विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

तिथून आम्ही तडक नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका मीटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. त्याने स्टेपनीकडे बोट केलं. "ही जुन्या साइजची दिसतेय."

"हो, ती बदलायची राहिली," नवरा म्हणाला.

त्याने स्टेपनी उतरवली, तिच्यावर आणि फरशीवर खडूने खूण केली आणि चाक बरोबर एक फेरा पुढे ढकललं. जिथे खूण पुन्हा फरशीला टेकली तिथे रेघ मारली. मग आमच्या गाडीचं पुढचं चाक फरशीवरच्या त्याच पहिल्या खुणेपासून एक फेरा पुढे नेलं. नवी रेघ जुन्या रेघेच्या पुढे पडली. मी वाकून मधल्या जागेत हात ठेवला. माझी एक वीत भरली.

"गाडी फक्त फेरे मोजते," तो म्हणाला. "चाक मोठं झालं हे तिला कोणी सांगितलेलं नाही. ती जुन्याच हिशोबाने काटा दाखवते. आणि वेग अडवणाऱ्या गव्हर्नरलाही तोच सिग्नल जातो. तोही फसलाय."

एका फेऱ्याला एक वीत. साठवर चालताना चाक मिनिटाला किती वेळा फिरत असेल, हे माझ्या डोक्यात यायला लागलं आणि मी तो विचार जबरदस्तीने थांबवला. नवरा रचलेल्या टायरांवर बसला होता. "घाटातून सगळ्यांना घेऊन वणीच्या देवीला गेलो होतो आपण," तो हळूच म्हणाला. "आई मागे बसली होती. नवे टायर टाकल्यावर लगेच."

दुरुस्तीवाल्याने फेरे मोजणारा सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये एक छोटी डबी बसवली, नव्या चाकाचं माप तिच्यात भरलं. मग मी गाडी रिंग रोडला काढली, दुरुस्तीवाला मोबाइल घेऊन शेजारी बसला. एकदा थोडं कमी पडलं, त्याने पुन्हा माप जुळवलं. दुसऱ्या फेरीला काटा आणि मोबाइल एकत्र चाळीसवर आले. मग पन्नासवर. मग साठवर.

साठवर आल्यावर मला दुसरा धक्का बसला. गाडी रांगतेय असं वाटत होतं. माझ्या पायाला, कानाला, हाताला साठ म्हणजे काहीतरी वेगळंच माहीत झालं होतं. इतके दिवस मी त्या खोट्या साठच्या सवयीत मुरले होते. खरं साठ मला पटेना. पाय आपोआप खाली जात होता आणि तो मला धाक दाखवून वर आणावा लागत होता.

घरी गेल्यावर नवऱ्याने आधी सासूबाईंना बोलावलं. "आई, त्या दिवशी हिचं काही चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "टायर मी टाकले, मीटर जुळवून घ्यायचं मला सुचलं नाही." सासूबाईंना अर्धंच कळलं असावं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आत जाऊन देवापुढे बराच वेळ बसून राहिल्या.

ड्रायव्हर गावाहून परतला, तेव्हा त्यालाही आम्ही सांगितलं. तो आधी हसला. मग त्याचं हसू थांबलं. "मी ही गाडी कसाऱ्याच्या घाटातून खाली नेलीय, वहिनी," तो म्हणाला आणि ओट्यावर टेकला. मी त्याला चहा दिला, तो त्याने तसाच हातात धरून ठेवला.

मालेगावची खेप आता पुन्हा माझ्याकडे आहे. पहिले काही दिवस मी इतकी सावकाश जायचे, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव काढायचे. नवऱ्याची पाठ आता बरी आहे. अधूनमधून तोही चालवतो आणि मी शेजारी बसते. पुढे कुठे ट्रॉली दिसली, की माझा उजवा पाय ब्रेक नसलेल्या पत्र्यावर जोरात दाबला जातो. त्याला ते दिसतं. तो वेग कमी करतो.