लाल पाणी नाल्यापर्यंत

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. माझ्याबरोबर कॉलेजात शिकणारी मुलं प्रवासाच्या, नाटकांच्या, सभांच्या आठवणी सांगतात. माझी आठवण एका गटारीची आहे. पण आमच्या गल्लीला इतका आनंद दुसऱ्या कशानं झालेला मी पाहिला नाही, म्हणून लिहितो.

आमचं घर बेळगावात, शहापूरच्या बाजूला, विणकरांच्या गल्लीत. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला माग. आमचे माग खड्ड्याचे. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि तळाशी असलेल्या पावड्या दाबत साडी विणतो. आमच्या खड्ड्यात आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पाय होते आणि त्यांच्या आधी आजोबांचे. पावसाळ्यात गल्लीची गटार तुंबायची आणि पाणी भिंतीच्या बुडातून खड्ड्यात उतरायचं. मग दोन महिने माग बंद. आप्पा सकाळ-संध्याकाळ खड्डा उपसत बसायचे, आणि आम्हाला वाटायचं की पावसाळा म्हणजे असाच असतो.

लढाईच्या दिवसांत, एका पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतली एक भिंत भिजून रस्त्यावर आली. कोणी दगावलं नाही; पण त्यानंतर म्युनिसिपालटीच्या कचेरीनं घरबांधणीचे नवे नियम केले. जोतं रस्त्यापेक्षा उंच हवं. गटारीवर कट्टा बांधायचा नाही. आणि घरातली जमीन गटारीच्या तळापेक्षा खाली असेल तर ती मुरूम घालून भरून घ्यायची. उन्हाळ्यात ओव्हरसियर, म्हणजे बांधकामं तपासणारे कचेरीचे अधिकारी, आले, दारोदार वाकून पाहून गेले, आणि आठ दिवसांनी गल्लीतल्या सगळ्या विणकरांना नोटिसा आल्या. मृगाच्या आत मागाचे खड्डे बुजवा.

नोटीस इंग्रजीत होती. गल्लीत इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून ती मीच वाचून दाखवली. आप्पा आत गेले, मागावर बसले आणि विणू लागले. समोरच्या घरातल्या अण्णांनी मात्र तोंड सोडलं. अण्णा आमच्या गल्लीतले सगळ्यात जुने विणकर, आणि बोलण्यात त्यांना कोणी हरवलेलं नाही.

"खड्डा बुजवायचा? मग पाय काय आढ्याला टांगू व्हय? काय रं कालेज, हेच लिवलंय न्हवं त्यात?"

गल्लीत मला 'कालेज' म्हणत. आधी कौतुकानं, नंतर सवयीनं.

मी दुसऱ्या दिवशी भीत भीत कचेरीत गेलो आणि नियमांचं पुस्तक वाचायला मागितलं. कारकुनानं मला दोनदा खालपासून वर पाहिलं, पण दिलं. बाकावर बसून मी ते सगळं वाचलं. वाचताना मला एक गोष्ट कळली, ती तेव्हा गल्लीत सांगायची हिंमत झाली नाही. नियम वाईट नव्हते. भिंती पडू नयेत, घरात पाणी शिरू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि खड्ड्यांच्या कलमाखाली एक ओळ होती. समोरच्या गटारीला नाल्यापर्यंत पुरेसा उतार असेल आणि पाणी साचत नसेल, तर कामाचा खड्डा ठेवायला हरकत नाही.

मी ओव्हरसियरांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते, पण कामानं पिचलेले.

"ओळ मला पाठ आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या गल्लीला उतारच नाही. दरवर्षी पाणी साचतं ते काय हौसेनं? उतार दाखवा, नोटीस मागे घेतो."

उतार दाखवायचा कसा? मला भूमिती येत होती. दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. आणि सरळ रेषा काढायला विणकराच्या घरात सुताची काय कमी? मी गल्लीच्या वरच्या टोकाला परात ठेवली, काठोकाठ पाणी भरलं, परातीच्या दोन्ही काठांना जेमतेम टेकेल असं सूत धरलं आणि ते तसंच पुढे नाल्याजवळच्या बांबूपर्यंत ताणून बांधलं. तिथं सुतापासून जमिनीपर्यंत मोजलं. उतार भरला चार हात! मी आनंदानं अर्ज लिहिला आणि ओव्हरसियरांना बोलावून आणलं.

त्यांनी आकडा वाचला, नाल्याकडे पाहिलं, मग सुताकडे.

"चार हात? मग तुमचा नाला विहिरीच्या तळाशी वाहतो की काय?" त्यांनी सुताच्या मधोमध छत्रीचं टोक लावून ते वर उचललं. "हे लोंबतंय बघा, म्हणून पलीकडचं टोक उगाच वर गेलंय. लोंबत्या दोऱ्याची कसली सरळ रेषा? कॉलेजात हेच शिकवतात?"

सगळी गल्ली पाहत होती. ओव्हरसियर गेल्यावर अण्णा म्हणाले, "विणकराच्या पोटी जल्माला आलास आणि सूत लोंबतंय हे साहेबानं दावायचं?"

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. त्यांचं खरं होतं. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल की लांब ताण्याला, म्हणजे साडीच्या उभ्या सुताला, दर चार-सहा हातांवर काठ्यांचा टेकू लागतो, नाहीतर तो मध्ये झोळ धरतो. कॉलेजात जायला लागल्यापासून मी ताण्याला हात लावला नव्हता. लावायची लाज वाटायची, हेही इथं कबूल करतो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. आक्का माझी थोरली बहीण; ताण्याचं सगळं काम तिच्याकडे असायचं. ती ताट घेऊन आली आणि समोर बसली.

"जेव आधी. सूत लोंबतं, म्हणून कुणी विणायचं सोडतं व्हय?"

"पण आक्का, आता मोजू कशानं?"

"सूत लोंबतं. लाकूड लोंबत न्हाय."

ती एवढंच बोलली. मी मान वर केली तर आप्पा आमच्याकडेच पाहत होते. त्यांची साडी त्याच दिवशी मागावरून उतरली होती. ते उठले, विणलेलं कापड ज्याच्यावर गुंडाळतात ते चौकोनी लाकूड त्यांनी मागातून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं. चार हात लांब, पिढ्यान्‌पिढ्या कापड गुंडाळून गुळगुळीत झालेलं, कुठंही वाक नसलेलं लाकूड.

"ह्येनं मोज," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी गल्ली मोजली. लाकडावर परात, परातीत काठोकाठ पाणी. पाणी सगळ्या बाजूंनी सारखं काठाला लागेपर्यंत आप्पा लाकडाच्या खालच्या टोकाला दगडाच्या कपच्या देत. मग मी त्या टोकापासून जमिनीपर्यंत बोटं मोजायचो, आक्का मोठ्यानं म्हणायची, आणि लाकूड पुढे. असे चार-चार हात करत आम्ही नाल्यापर्यंत गेलो. उतार निघाला एक हात आणि सहा बोटं. सुतानं दाखवलेल्या चार हातांपुढे तो फारच थोडा वाटला. पण पुस्तकात पुरेशा उताराचा जो आकडा होता त्याच्यापेक्षा तो जास्तच होता.

मग पाणी साचत का होतं? मोजताना तेही दिसलं. ताणा ताणायला गल्लीत खांब रोवावे लागतात. रस्त्यातून गाड्या जातात, म्हणून आमच्या वाडवडिलांनी ते खांब बाजूच्या गटारीत रोवले, आणि ते हलू नयेत म्हणून प्रत्येक घरानं बुडाशी एक मोठा दगड बसवला. दसऱ्याला त्या दगडांची पूजा होते. त्यावर वर्षानुवर्षं सुताला लावून उरलेली खळ आम्हीच गटारीत ओतत आलो, ती दगडांना चिकटून त्यांच्यामागं चिखल धरून बसायची. आमचे खड्डे आम्हीच बुडवत होतो.

हे गल्लीला सांगणं नोटीस वाचण्यापेक्षा अवघड गेलं. माझे शब्द अडखळले. तेव्हा आप्पा पहार घेऊन आले, नारळ फोडून आमच्या दगडाच्या पाया पडले, आणि त्यांनी तो उपटला. तो दगड त्यांनी खांबासकट भिंतीलगत, गटारीच्या वर, नव्या जागी बसवला. मग एकामागून एक सगळ्यांनी दगड काढले. फक्त अण्णांनी काढला नाही.

"माझ्या आज्ज्यानं बसवलेला हाय. पानी बाजूनं जाईल. पान्याला काय डोळं न्हाईत?"

कोणी वाद घातला नाही. गटार खरवडून साफ झाली. मग मी ओव्हरसियरांकडे पुन्हा गेलो. ते म्हणाले, कागदावर उतार दिसतोय, पण पाणी सोडून दाखवा.

साधं पाणी मातीत दिसणार नाही, म्हणून वरच्या टोकाच्या रंगाऱ्यानं साड्या रंगवून उरलेलं लाल पाणी दोन घंगाळं भरून ठेवलं. बायकांनी घागरी भरून आणल्या. ओव्हरसियर छत्री घेऊन खाली नाल्यापाशी उभे राहिले. रंगाऱ्यानं पहिलं घंगाळ कलंडवलं.

लाल पाणी गटारीत उतरलं आणि चालू लागलं. पोरं, बायका, म्हातारे, सगळे त्याच्या बरोबरीनं चालत होते. आमच्या दारावरून गेलं तेव्हा आप्पांनी हात जोडले. मग पाणी अण्णांच्या दाराशी आलं आणि थांबलं. दगडामागं ते वर चढू लागलं, पसरलं, आणि हळूच अण्णांच्या उंबऱ्याकडे वळलं.

खाली ओव्हरसियरांनी खिशातली वही काढली.

"अण्णा, पान्याला डोळं हाईत बघा," आक्का म्हणाली. "सरळ तुमच्याच घरात निघालंय."

अण्णांनी पाण्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आत त्यांचा माग होता, त्याचा खड्डा होता. एक शिवी हासडून त्यांनी आप्पांच्या हातातली पहार घेतली आणि धोतरासकट लाल पाण्यात उतरले. "बघतासा काय? हात लावा की रं!" चार जण उतरले. दगड हलला, कुरकुरला, आणि सुटला. पाण्यानं एकदम उसळी घेतली. इतका वेळ चाललेलं पाणी आता धावू लागलं, आणि त्याच्यामागं सगळी गल्ली धावली. कॉलेजात गेल्यापासून मी गल्लीत धावलो नव्हतो. त्या दिवशी धावलो. नाल्याच्या तोंडाशी लाल धार पडली तेव्हा असा ओरडा झाला की पुढच्या गल्लीतली माणसं काय पेटलं म्हणून बाहेर आली. ओव्हरसियरांच्या पांढऱ्या विजारीवर लाल शिंतोडे उडाले. ते हसत होते. त्यांनी वही छत्रीच्या दांड्यावर टेकवली आणि माझ्यादेखत लिहिलं की उतार पुरेसा आहे आणि खड्डे ठेवावेत. मग मला म्हणाले, "मोजलंत कशानं?" मी आप्पांचं लाकूड दाखवलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

आता गल्लीचा एक नियम आहे आणि तो कुठल्याही पुस्तकात नाही. उरलेली खळ गटारीत ओतायची नाही, म्हशीला घालायची. ओतताना कोणी दिसलं तर सगळ्यात मोठ्यानं ओरडतात ते अण्णा. त्यांचा दगड आता दाराशी आहे. त्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की ही गटार त्यांनी वाहती केली. अर्धं खरंच आहे.

त्या आषाढात आठ दिवस झड लागली होती. मी कॉलेजातून भिजत परत आलो तर गल्लीच्या तोंडापासूनच आवाज येऊ लागला. पावसाच्या आवाजातूनही माग ऐकू येत होते, एक नाही, दोन नाही, दोन्ही बाजूंचे. मी पुस्तकं आक्काकडे दिली आणि आत गेलो. आप्पा विणत होते. त्यांनी न थांबता खाली बोट दाखवलं. मी वाकून खड्ड्यात हात घातला आणि तळाला लावला. बाहेर काढला तर बोटांना कोरडी धूळ लागली होती.

"बस," आप्पा सरकून जागा करत म्हणाले. "दोन हात तू बी ईण."

मी पाय आत सोडले.