मामांचा सीलबंद समुद्र

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मभर एकाच गोष्टीवर गाढ विश्वास ठेवला, तो म्हणजे समोरचा माणूस आपल्याला फसवणारच. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. सांगोला, बार्शी, अक्कलकोट, पुन्हा सोलापूर, अशी सगळी नोकरी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात झाली. जिल्ह्याबाहेर काही बघण्यासारखं आहे यावरही त्यांचा विश्वास नव्हता. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पण नजर सुटली नाही. मंडईत वांगी घेण्याआधी ते पारड्याखाली हात घालून चिंच चिकटवली आहे का ते बघतात. पंगतीत ताटात लाडू पडला की आधी तळहातावर तोलतात, मग शेजाऱ्याचा मागून घेऊन तोही तोलतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा या गृहस्थांनी मला दारातच मिठी मारून जमिनीवरून उचललं. केवढा प्रेमळ माणूस, असं वाटून मी विरघळलो. लग्नानंतर कळलं की त्यांनी लगेच आत जाऊन सांगितलं होतं, "पत्रिकेसोबत लिहून दिलंय त्यापरीस चार किलो कमी हाय पोरगा. इचारून घ्या."

असा माणूस मासे पाळेल, तेही खाऱ्या पाण्यातले, आणि तेही चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात, हे कुणी सांगितलं असतं तर मीच संशय घेतला असता. पण कारण मामी होत्या. मामी अक्कलकोटच्या पलीकडच्या, माहेरी कानडी बोलणाऱ्या. लग्न झालं तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे एकच मागणं मागितलं होतं, मला एकदा समुद्र दाखवा. मामा दरसाल "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले. ते निवृत्त होईपर्यंत मामींच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. साऱ्या जिल्ह्याची मापं तपासणाऱ्या माणसाचं घरातलंच माप कमी भरलं. ते त्यांना फार लागलं. आठवड्याभरात दिवाणखान्यात हातभर लांबीची काचेची टाकी आली.

पुण्याच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं की आधी टाकीत समुद्री मीठ कालवून खारं पाणी भरा आणि महिनाभर नुसतं चालू ठेवा. घाण पचवणारे जंतू त्यात तयार झाले की मगच मासे न्या. मामांनी फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, म्हैनाभर नुसतं पाणी पाळा म्हणतोय. ह्याच्याकडं मासेच न्हाईत, दुसरं काय!" तरी त्यांनी पाणी पाळलं. महिन्यानंतर स्वतः पुण्याला जाऊन, फुगवलेल्या पिशवीत दोन मासे घालून, ती पिशवी मांडीवर धरून ते एसटीने परत आले. निघण्याआधी दुकानदाराची सही घेतली होती: "नग दोन, रंग नारिंगी, प्रत्येकी पांढरे पट्टे तीन." घरी पोचल्यावर पट्टे पुन्हा मोजले. मामींनी मात्र काही मोजलं नाही. टाकीसमोर खुर्ची टाकून, लसूण सोलता सोलता, त्या माशांना "बा, बा" म्हणत राहिल्या. कानडीत ये, ये. आणि मासे यायचे हो!

मग उन्हाळा लागला. पाणी तापू नये म्हणून मामांनी टाकीवर पंखा लावला, आणि पाणी रोज कमी होऊ लागलं. त्यांनी काचेवर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली बोटभर. "वाफ झाली असेल," मी म्हणालो. "एवढी? पाणी हाय का कापूर?" मामा म्हणाले आणि माझ्याकडे असे बघू लागले की आदल्या दिवशी त्यांच्याकडे प्यायलेला पेला मला आठवला. भांडीवाल्या बाईंची चौकशी झाली. शेजाऱ्यांच्या मांजराची झाली. मामींच्या तुळशीची कुंडी ओली सापडली, तेव्हा तिचीही झाली. शेवटी त्यांनी झाकणाला तार ओवून तिला शिशाचं सील ठोकलं, खात्यात ठोकत तसंच. पाणी तरीही घटत राहिलं. पण मामा नियमाचे पक्के. जेवढा माल गेला तेवढा आणि तसाच भरायचा, म्हणून रोज सकाळी सील तोडून ते मापात मीठ घातलेलं पाणी ओतायचे आणि नवं सील ठोकायचे.

दोन आठवड्यांत मासे तळाला बसले. कल्ले भराभरा हलत होते, खाणं बंद झालं होतं आणि "बा" म्हटलं तरी कुणी येत नव्हतं. खारटपणा मोजायची एक काटेवाली डबी दुकानदाराने दिली होती. मी तिच्यात पाणी भरलं तर काटा पार वर चढला. "काटा खोटा हाय," मामा म्हणाले. "काटा कसा मारत्यात ते मला शिकवू नका तुमी." हयातभर खोटे काटे पकडलेल्या या माणसाला खरा काटा ओळखू येईना! मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा मासा गेला. मामी कितीतरी वेळ काचेला हात लावून बसल्या होत्या, आणि मामा मिठाच्या पाण्याचं भांडं घेऊन पुन्हा आले.

"साकु!" मामींच्या तोंडून कानडीच निघालं. "पुरे आता." "अवो, आमटी आटली की खारट हुती. तवा मी काय मीठ घालते व्हय? पाणी घालते की. मीठ कुटं उडून जातंय?"

मामांनी भांडं खाली ठेवलं. पाणी खरोखर वाऱ्याने नेलं होतं आणि मीठ सगळं मागे राहिलं होतं; त्यावर ते रोज आणखी मीठ ओतत होते. चोर घरात कुणीच नव्हता. त्यांनी माफी मागितली नाही, त्यांच्या शब्दकोशात तो शब्दच नाही. पक्कड आणून झाकणाची तार कापली आणि गोड्या पाण्याचा तांब्या भरून मामींच्या हातात दिला. एकदम बदललं तर उरलेलाही जाईल, म्हणून खारं पाणी थोडं थोडं काढत, तेवढंच गोडं घालत मामींनी आठवडा काढला. आठव्या दिवशी धाकटा मासा वर आला.

परवा गेलो तेव्हा काचेवरच्या रेघा पुसलेल्या होत्या. "मामा, आता पाणी कोण मोजतं?" मी विचारलं. "कशाला मोजायचं? ती बघती की," मामा म्हणाले. मामी खुर्चीत बसल्या होत्या. मासा काचेपाशी येऊन थांबला होता.

"अवो," मामींनी विचारलं, "खरा समुद्र असाच असतो का?"

"असाच," मामा म्हणाले. "जरा मोठा असतो, एवढंच."

समुद्र मामांनीही कधी पाहिलेला नाही. मला ते ठाऊक होतं, आणि मामींनाही ठाऊक असणार. मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच न तपासलेला माल खरा म्हणून दिला होता. मामींनी तो हसून घेतला, आणि मीही.