पागोट्याचा प्रवेश

धुळ्याला कॉलेजात मी नकलांवर मिरवत होतो. आमच्याच मुलखातून मुंबईला गेलेला, स्वतः सिनेमे काढणारा आणि त्यांत स्वतःच लोकांना हसवणारा एक नट तेव्हा भारी गाजत होता. त्याच्या एका सिनेमातला मुलीचा बाप मी हुबेहूब करायचो. लग्नाच्या पंगतीत तूप संपतं, व्याही ताटावरून उठतो, बाप पागोटं काढून त्याच्या पायांवर ठेवतो. ते घरंगळतं आणि बाप त्याच्यामागे रांगत जातो. लोक हसून लोळायचे.

गॅदरिंगला माझे वडील, आबा, शिरपूरकडच्या आमच्या खेड्यातून मुद्दाम आले. उभ्या जन्मात त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता. त्यांना पुढच्या खुर्चीत बसवून मी तो प्रवेश केला आणि वन्समोअरही घेतला. नंतर आबा एवढंच म्हणाले, "लोक बठ्ठा हासनात."

माझा तोरा पाहून मराठीच्या सरांनी कॉलेजच्या अंकासाठी त्या नटावर लेख लिहायला सांगितलं. म्हणाले, "नुसतं कौतुक नको. हा माणूस प्रसंग उचलतो कुठून, ते शोध."

मी हात धुऊन मागे लागलो. उमेदवारीत तो एका फिरत्या नाटक कंपनीत होता आणि नरडाण्याला आमच्या लांबच्या नात्यातल्या एका नानांकडे उतरायचा, असं कळलं. नानांना गाठलं. पागोट्याचं विचारताच त्यांनी मांडीवर थाप मारली.

"तुले म्हाईत नई? तुना बापनं पागोटं शे ते! तुनी अक्कानं लगीन व्हतं. तूप सरनं, बठ्ठी पंगत उठी गयी. मीच त्या नटले जेवाले लई जायेल व्हतू."

नाना हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न झालं तेव्हा मी पाळण्यात होतो. आज ती सासरी मानानं नांदते, ती त्या पागोट्याच्या जिवावर, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण, आणि काय म्हणून?

सरांना हवा होता तो शोध माझ्या हाती लागला होता. छापला असता तर माझं नाव झालं असतं आणि आबांची अब्रू चव्हाट्यावर आली असती. पण ती तर मी आधीच स्टेजवर उधळली होती, वर वन्समोअर घेऊन! स्वतःची एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

लेख लिहिणार नाही, असं सरांना सांगून मी गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. डोक्याला तेच पागोटं की दुसरं, वर बघायची माझी हिंमत झाली नाही.

"आबा, तुम्ही गॅदरिंगमाच काही का नई बोलनात? उठी तरी जावानं व्हतं."

आबांनी सरकून मला शेजारी जागा करून दिली.

"तुना खेळ चालू व्हता, भाऊ. उठी कसा जाऊ? भरेल पंगतमाईन मानसे उठी गयात का कसं लागस, ते माले म्हाईत शे."