गोलपासून गोलपर्यंत पंख

"पंख मोजू नका, मास्तर. पोट मोजा!" असं म्हणून ते मैदान आखायच्या चुन्याच्या फक्कीनं पांढरी झालेली बोटं धोतराला पुसायचे.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या फुटबॉल संघाचा मी चिटणीस, पेशानं शाळामास्तर, आणि ते मैदान आखणारे. सुतळी ताणून, कमरेत वाकून अशी रेघ ओढायचे की भांडकुदळ खेळाडूसुद्धा तिच्यावर शंका घेत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आसामात विमानांत पोती भरायच्या कामावर होते. परत आल्यापासून दुसरा विषय नाही. वर्तमानपत्रात विमानाचं चित्र आलं की कापून ठेवायचं आणि मला गाठून विचारायचं, "ह्ये किती वजन पेलतं, ल्हिलंय काय बघा की!" किती लांब, किती वेगानं उडतं, याचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. वजन तेवढं सांगा.

घरात ते आणि मुरगूडची एक म्हातारी. ते तिला मावशी म्हणत, पण नातं काही नव्हतं. त्यांच्याबरोबर आसामात असलेल्या दत्तूची ती आई. दत्तूचं विमान जंगलात पडलं. म्हातारीला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून यांनी तिला कोल्हापुरात आणलं. "लई मोटं इमान हुतं, मावशी," असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. "माणसांचं. गादीच्या खुर्चीत झोपलावता दत्तू. त्येला काय कळलंबी न्हाई."

स्वातंत्र्याला दोनेक वर्षं झाली असतील. जगातलं सगळ्यात मोठं उतारूंचं विमान विलायतेत उडाल्याची बातमी आली. त्याआधी अमेरिकेत ओझी वाहायला एक अवाढव्य लाकडी विमान बांधलं होतं, ते एकदाच उडालं होतं. दोघांत थोरलं कोण, यावरून तालमीत जुंपली. तेव्हा हे उठले. "उद्या सकाळी मैदानावर या. दावतो."

आम्ही गेलो तेव्हा फक्कीचं घमेलं रिकामं झालं होतं. लाकडी विमानाच्या पंखांची रेघ या गोलपासून त्या गोलपर्यंत गेली होती. उतारूंच्या विमानाची बरीच अलीकडे थांबली. खाली दोन पोटं शेजारी शेजारी काढलेली.

"आरं, ओझ्याचंच मोटं की!" कुणीतरी ओरडलं.

"व्हय. पर बसायला ह्ये बरं," म्हणत त्यांनी लोकांना उतारूंच्या पोटात बसवायला सुरुवात केली. अर्धी पेठ मांडी घालून बसली. एक पैलवान मधेच आडवा झाला, तर त्याला म्हणाले, "पावणं, दोन तिकिटं लागतील!" हशा पिकला.

हसण्याचा आवाज ऐकून म्हातारी आली. सगळ्यांनी सरकून तिला जागा केली. ती तिथं बसली नाही. रेघेवर पाय पडू न देता ती पलीकडच्या रिकाम्या पोटात गेली आणि खाली टेकली.

"मावशी, त्ये ओझ्याचं हाय. हिकडं या."

"दत्तू ह्यातच हुता न्हवं?" ती म्हणाली. "त्येनं कागद धाडलावता. पोत्यांवर बसून जातूय, वरनं भात टाकतूय म्हणून. मास्तरास्नी वाचाया लावलावता मी."

ती कोल्हापुरात आल्यावर तो जुना कागद मीच तिला पुन्हा वाचून दाखवला होता. तिनं कुणाला सांगू नका म्हटलं, म्हणून गप्प राहिलो होतो.

ते तिच्यासमोर जाऊन बसले. मग म्हणाले, "मावशी, त्यातली पोती मीच रचली. सायबानं सांगितलं म्हणून चार जादा चढवली. त्या वजनानं पडलं का काय, ह्येच अजून इचारत हिंडतोय."

विमानांची ती सगळी कात्रणं त्यांनी कशासाठी जमवली होती, ते मला तेव्हा कळलं.

म्हातारीनं विचारलं, "जाताना पडलं का येताना?"

"कुणालाच ठावं न्हाई."

"मग येतानाच," ती ठामपणे म्हणाली. "माझं प्वार काम अर्ध्यात टाकणारं न्हवं. भात पोचवला असंल, आन् रिकामं परत येत असंल. रिकाम्या इमानाला कसलं रं तुझं वजन?"

त्यांनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. पेठेतले गडी दुसरीकडं बघू लागले. उतारूंच्या विमानातून एकेक जण गुपचूप उठून घरी गेला.

महिन्याभरात ते तिला घेऊन मुरगूडला गेले. तिचं अर्धा एकर रान पडीक होतं, ते कसायला.

पुढं एकदा शाळेच्या कामानं मी तिकडं गेलो होतो. ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं. पलीकडच्या काठाकडं ते निघाले होते, म्हातारी पाठुंगळीला. ती त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती आणि ते पाण्यात थांबून खदखदा हसत होते. मी हाक मारली नाही. पलीकडं चढून दोघं उसाच्या आड दिसेनासे झाले. त्यानंतर ते मला भेटले नाहीत.